ओरखड्यासकट सर्व मिळकत

लिहून ठेवणारी मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधली निवृत्त ऑपरेटर, राहणार याच घरी, दुसरा मजला. आज सोमवारी सकाळी चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे. डोकं ताळ्यावर आहे. मला कोणी भरीस पाडलेलं नाही; उलट दोन्ही मुलं "आई, आत्ताच कशाला?" म्हणून अडवत होती. आत्ताच अशासाठी, की डॉक्टरांनी मला वर्षं सांगितली नाहीत, महिने सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच एक खरं धरावं.

माझे पती निवृत्त दस्तलेखक. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं लिहिली, म्हणून ही भाषा मला ऐकून येते. कायद्यात 'पती' म्हणतात, पण मी बावन्न वर्षं 'हे' म्हणत आले, तेच पुढे लिहीन. ह्यांना चार वर्षांपासून विसर पडतो. आठ महिन्यांपासून ते मला "अहो बाई" म्हणतात. माझ्या मागे ह्यांचं काय, एवढाच माझ्यापुढे प्रश्न आहे. बाकीची कलमं रीत म्हणून लिहिते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

कलम १. हे घर माझ्या नोकरीवर घेतलेलं आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी धाकटीला, म्हणजे माझ्या मुलीला देते. अट एकच: हे जिवंत असेपर्यंत याच घरात, याच खोलीत, खिडकीकडच्या पलंगावर राहतील. धाकटीने आणि जावयांनी इथे राहायला यायचं कबूल केलं आहे. धाकटीला माझं सांगणं, की थकलीस तर थकले म्हणून सांग. माझी ठेव मोडून दिवसभरासाठी मदतनीस ठेव. आईसारखं दात आवळून करत बसू नकोस. त्यात काही शहाणपण नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

कलम २. थोरला परदेशात असतो. त्याने वाटणीवरून रुसू नये. तो रुसणारा नाही, पण त्याला वाईट वाटेल ते वेगळ्या गोष्टीचं. त्याला ह्यांना तिकडे न्यायचं आहे. मागच्याच आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, इकडे सगळी सोय आहे. दाराला सेन्सर, खोलीत कॅमेरा, बाबा उठले तरी माझ्या घड्याळावर कळेल."

मी म्हटलं, "सोय आहे रे, पण ते सोयीतच हरवतात."

हे मी पाहून सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही महिनाभर त्याच्याकडे राहिलो. हात पुढे केला की पाणी येणारा नळ, पाऊल टाकलं की लागणारा दिवा. हे बेसिनपाशी उभे राहून नळाची चावी शोधायचे आणि मला हळूच म्हणायचे, "कोणीतरी काढून नेली वाटतं." ह्यांचा एक अशील बोटीवर खलाशी होता. त्याने सांगितलेलं एक बंदर बघायचं ह्यांचं तरुणपणापासूनचं स्वप्न, ते मात्र बघून झालं. एक तासभर हे इतके खूश होते की पूर्वीचे वाटले. परतताना स्टेशनवर मी तिकिटं काढते आहे तोवर हे चालायला लागले. दोन तासांनी सापडले. बाकावर बसलेले, शेजारी एक पोलीस बाई, आणि हे तिकिटाच्या पाठीवर तिच्यासाठी दस्त लिहीत होते. जित्याची खोड. सगळे हसले, मीही हसले, आणि थोरल्याच्या न्हाणीघरात जाऊन रडले. म्हणून ह्यांना परदेशी नेऊ नये. थोरल्याने यावं, हवं तितकं राहावं.

कलम ३. त्या खलाशाने जाताना ह्यांना एक रेकॉर्ड भेट दिली होती. कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई गाते. आम्हां दोघांना त्यातला एक शब्द कळत नाही आणि ते गाणं आमच्या घरात रोज सकाळी लागतं. रेकॉर्डवर मधोमध ओरखडा आहे. तिथे सुई अडकते, बाई एकच शब्द पाच-सहा वेळा म्हणते, मग हे उठून प्लेअरच्या कडेला बोटाने टिचकी मारतात आणि गाणं पुढे जातं. लग्नापासून हा नेम आहे.

थोरल्याने मोठ्या प्रेमाने एक बोलका डबा पाठवला. त्यात तेच गाणं घातलं, आणि संगणकावर बसून त्यातली खरखर काढली, ओरखडाही काढला. आवाज काचेसारखा स्वच्छ. ह्यांनी ऐकलं, नेहमीच्या जागी उठून टिचकी मारायला निघाले, तर बाई केव्हाच पुढे गेलेली. दुसऱ्या दिवशी जरा आधी उठले. तिसऱ्या दिवशी त्याहून आधी. चौथ्या दिवशी गाणं सुरू होण्याआधीच प्लेअरपाशी उभे, आणि मला म्हणाले, "मला उशीर होतोय, बाई. माझ्याच्यानं होत नाही." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

थोरल्याची चूक नाही. नीट करायचं म्हटल्यावर घाण काढायची, हेच आपण त्याला शिकवलं. धाकटीने मग ओरखड्यासकट गाणं त्या डब्यात पुन्हा भरलं आहे, पण ते प्लेअर अगदीच बंद पडला तरच लावावं. रेकॉर्ड ह्यांच्या मागे थोरल्याची. त्याने ती तशीच ऐकावी आणि एकदा तरी उठून टिचकी मारावी.

कलम ४. इतर यंत्रं. ह्यांच्या मनगटावरचं, ते कुठे आहेत ते दाखवणारं घड्याळ काढू नये. काढायला लागले तर "कचेरीचा नियम आहे" म्हणावं. नियम म्हटलं की ते ऐकतात. बोलका डबा माझ्या हाकेला उठतो, धाकटीचा आवाज त्याला शिकवून ठेवला आहे. आपोआप फिरणारा केरसुणी-डबा कोणीही न्यावा, हे त्याला पाय उचलून वाट देतात आणि दमतात. कानांवर बसणारे, बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांना द्यावेत. एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानांत लोकांचे आवाज ऐकलेल्या बाईला शांतता विकत घेऊन दिली थोरल्याने, पण मला ती मानवली नाही.

कलम ५. माझ्या नणंदेने बावीस वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला टेपरेकॉर्डर तिचाच समजावा. मी मागणी सोडते. माफ केलं असं मात्र कोणी तिला सांगू नये.

कलम ६. मी गेल्यावर हे विचारतील, "त्या बाई कुठे गेल्या?" तेव्हा "ड्यूटीवर गेल्यात, येतील" असं सांगावं. माझ्या दिवसपाळ्या-रात्रपाळ्या असायच्या, त्यामुळे ह्यांना ते पटेल. मेल्याचं सांगू नये. ते विसरतील, पुन्हा विचारतील आणि दर वेळी त्यांना ते नव्याने लागेल. इतकं दुःख एका माणसाला पुरवू नये.

येथवर लिहून झाल्यावर मी कागद टेबलावर ठेवून औषध घ्यायला उठले. परत आले तर हे तो वाचत बसले होते. पूर्वीसारखंच, पेन्सिल कानामागे, प्रत्येक ओळीखाली बोट. दोनदा वाचलं.

"अशील बाई कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"इथल्याच."

"मसुदा बरा आहे. नवऱ्यावर जीव दिसतो." मग सहाव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "हे काढायला सांगा त्यांना."

"का?"

"मेली म्हटलं तर तो माणूस रडेल, मग दोन घास खाईल, झोपेल. ड्यूटीवर आहे म्हटलं तर दारात उभा राहील. रोज. म्हाताऱ्या माणसाला इतका वेळ उभं करू नये, बाई."

मी म्हटलं, "तो विसरेल हो. रोज नव्यानं रडेल."

"रडू दे की," ते म्हणाले. "त्याची बायको आहे."

सबब कलम ६ मी स्वहस्ते आडवी रेघ मारून रद्द करते. त्याऐवजी असं वाचावं: ह्यांनी विचारलं की ह्यांना खरं सांगावं. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा. आधी खुर्चीत बसवावं, हात हातात घ्यावा, आणि 'त्या बाई' न म्हणता 'तुमची बायको' म्हणावं. मला ह्यांनी रडलेलं चालेल.

वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमक्ष सही केली:
१. (सही) घरी येणारे डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याचं त्यांनी वेगळं लिहून दिलं आहे.
२. (सही) खालच्या मजल्यावरचे शिंपी

ठिकाण: राहतं घर, दुसरा मजला
दिनांक: ९ मार्च

साक्षीदारांच्या खाली आणखी एक सही आहे, ती ह्यांची. डॉक्टर म्हणाले, तिची गरज नाही आणि तिने काही बिघडतही नाही. दस्तलेखकाच्या जागी सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "अशील बाईंना सांगा, काळजी करू नका. नवऱ्याला मी स्वतः समजावीन."