स्टेंट बसला की नाही

गुरुवार, ता. १२, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे. प्लंबर रोज ‘उद्या नक्की’ म्हणतो आणि मी रोज त्याच्यावर विश्वास ठेवते. गुडघे बरे आहेत, खांदे मात्र गेले कामातून. हृदयाच्या वाहिन्या तपासतात त्या आमच्या कॅथ लॅबमध्ये क्ष-किरणांपासून वाचायला शिशाचा एप्रन घालावा लागतो. तरुणपणी तो अंगावर आहे हे कळायचंही नाही. आता संध्याकाळी काढून ठेवला तरी अंगावरच असल्यासारखा वाटतो.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, “हो की नाही, एवढंच सांग. यांना स्टेंट बसवला की नाही? सख्खी बहीण असून एवढंही सांगता येत नसेल तर माझ्या दारात येऊ नकोस.” तुला डोंगरावरच्या सहलीचं पक्कं करायचं होतं. “बसवला असेल तर चढतील की टणाटण,” असंही म्हणालीस. मी म्हटलं, मला माहीत नाही. तू फोन आपटलास.

भावोजी ज्यात आहेत ते संशोधन काय आहे हे मी तुला एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा तू ऐकत नव्हतीस, काळजी करत होतीस. म्हणून पुन्हा सांगते. चालताना, चढताना छातीत दुखतं, हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झालेली आहे, पण तातडीचा धोका नाही, अशी माणसं आम्ही यात घेतो. गोळ्या सगळ्यांना सारख्याच. त्यांतल्या निम्म्यांना स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, बसवतात. उरलेल्यांचं लुटुपुटीचं असतं. त्यांनाही झोपेचं औषध देतात, कानाला गाणी लावतात, मनगटातून तार आत घालतात, तेवढाच वेळ टेबलावर ठेवतात आणि काही न बसवता बाहेर आणतात. कुणाचं काय झालं हे रोग्याला कळत नाही, वॉर्डातही कुणाला कळत नाही. ‘आपलं दुरुस्त झालं’ एवढं नुसतं वाटलं तरी माणसाला बरं वाटतं. त्या बरं वाटण्यात स्टेंटचा वाटा किती आणि वाटण्याचा किती, हे शोधायचं आहे. भावोजींनी हे सगळं समजून उमजून सही केली होती. आयुष्यभर दुकानदारांची वजनं-मापं तपासलेला माणूस तो. “म्हणजे तुमचा काटा खरा आहे का ते बघताय. बघा, बघा. आमचा जन्म त्यातच गेला,” म्हणाले.

मला माहीत नाही, हे मी तुला खोटं सांगितलं. मला माहीत आहे.

त्या दिवशी आत मी असायला नको होते. नातेवाईक म्हणून मला वगळलेलंच होतं. पण आतली परिचारिका ऐन वेळी चक्कर येऊन खाली बसली. भावोजी टेबलावर झोपलेले, मनगटात नळी गेलेली. डॉक्टरांनी दारातून माझ्याकडे पाहिलं आणि मी एप्रन चढवला. झोपलेल्या माणसाला ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं, असं वाटलं. जो आत असेल त्यानं नंतर त्या रोग्यासमोर जायचं नाही, असा आमचा नियम आहे. वॉर्डाकडे मी फिरकले नाही. पण नियम करणाऱ्यांनी वॉर्डाचा विचार केला होता, सख्ख्या बहिणीच्या घराचा नाही. त्यानंतरच्याच रविवारी तू चहाला बोलावलंस आणि मी आले.

भावोजींनी चहात दुसरा चमचा साखर घातली. मी काही बोलले नाही. तू हसून म्हणालीस, “अगं ताई, आज तोफ थंड कशी?” मी म्हटलं, दमले आहे. घरी परतताना मला वाटलं, कुणाला काही कळलं नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. भावोजी तुला बाजारात जातो म्हणून सांगून निघाले, पण बाजारात गेलेले नाहीत. सकाळपासून माझ्याबरोबर आहेत. घाबरू नकोस, आत्ता माझ्या बाहेरच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचताहेत. पुढचं नीट वाच.

सकाळी आले ते दाराला टेकूनच उभे राहिले. म्हणाले, “ताई, एक जिना चढलो की छाती आवळते.”

“कधीपासून?”

“पहिले काही आठवडे खरंच छान होतं हो. नाटक नव्हतं ते. मग हळूहळू परत यायला लागलं. आधी तीन जिन्यांनी यायचं, आता एकानं.”

“आणि आमची माणसं दर आठवड्याला फोन करतात तेव्हा ‘दुखत नाही’ असं कोण सांगतं?”

“मीच. काय करणार, ती शेजारीच बसलेली असते ना.”

बारके, तुला वाटतं भावोजी हल्ली गप्पिष्ट झालेत, प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी बोलत उभे राहतात. ते दम खात असतात. कुणी भेटलं नाही तर बुटाची नाडी सोडतात आणि पुन्हा बांधतात. तू वरून हाक मारतेस तेव्हा “आलो, आलो” म्हणण्यापुरता श्वास आधी गोळा करतात.

“तिला का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“अख्ख्या इमारतीला सांगून झालंय तिचं, नवरा नवा कोरा होऊन आलाय म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू? आणि स्टेंट बसलेला नाहीच, ते मला कधीच कळलंय.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. साखरेवरून ओरडला नाहीत. ज्याचं दुरुस्त झालंय त्याला तुम्ही सोलून काढता. ज्याचं काही होण्यासारखं नाही त्याच्याशीच गोड वागता.”

इतकी वर्षं मी हे काम करते आहे. तोंड बंद ठेवणं मला जमतं, असा माझा समज होता. त्यांचा अंदाज बरोबर की चूक ते मी त्यांना सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही. त्या रविवारी मी नुसती दमलेलीही असेन.

त्यांना तसंच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. झटका आलेला नाही. पण दुखणं वाढत चाललं आहे, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी आजच दाखल व्हा म्हटलं. भावोजी ऐकेनात. “आधी घरी सांगू द्या, मग काय ते करा.” शेवटी उद्या सकाळवर ठरलं आणि मी त्यांना माझ्या घरी परत आणलं. रोग्याच्या जिवासाठी गरज पडली तर काय केलं होतं ते उघड करायची सोय संशोधनात आहे. उद्या डॉक्टर ते तुम्हा दोघांसमोर उघड करतील. त्या दिवशी मी आत होते आणि नंतर तुमच्याकडे चहाला गेले, हे मी आज लेखी दिलं. भावोजींची माहिती अभ्यासात धरायची की नाही ते वरचे ठरवतील. माझं काय करायचं तेही तेच ठरवतील. मला या कामातून काढलं तर मी भांडणार नाही. खरंच दमले आहे.

“मी सांगतो तिला,” असं भावोजी म्हणताहेत. पण त्यांचा बेत जिन्यातच बदलेल, म्हणून हे बंद पाकीट त्यांच्याच हातात देते आहे. मघाशी बाहेरून ओरडले, “ताई, पत्र लिहिताय की प्रबंध?” मी म्हटलं, गप्प बसा आणि पाय वर घेऊन बसा. तर म्हणाले, “हां, आता जरा बरं वाटलं.”

आज त्यांना पुन्हा खाली पाठवू नकोस, दुधालासुद्धा नाही. दुखलं तर खुर्चीत बसवून डॉक्टरांनी आज दिलेली गोळी जिभेखाली दे. पाच मिनिटांत थांबलं नाही तर कुणाला विचारत बसू नकोस, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. उद्या सकाळी त्यांना काही खायला देऊ नकोस, चहाही नाही, पण रोजच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या. उपाशी आणायला सांगितलं यावरून काही अर्थ काढत बसू नकोस. सगळ्यांनाच तसं सांगतात. सहलीचं तूर्त राहू दे.

उद्या डॉक्टर सांगतील तेव्हा मी त्या खोलीत नसेन. बाहेरच्या बाकावर असेन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

एवढं एक मात्र ऐक. आत काहीही निघो, रड, चिड, डॉक्टरांशी भांड. पण भावोजींना असं विचारू नकोस की मग ते पहिले आठवडे तुम्हाला बरं कसं वाटत होतं. त्यांना खरंच बरं वाटत होतं. तुझ्याबरोबर ते आनंदात होते. ते कशानं, हे आम्हालाच अजून कळलेलं नाही. म्हणून तर हे सगळं चाललं आहे.

दार उघडशील तेव्हा येईन. तोवर,

तुझीच,
ताई