पोळ्यांचा उद्योग परराज्यात नेण्याबाबत

थेरगाव,
बुधवार, दुपार

अहो,

सप्रेम नमस्कार. आपलं लग्न ठरत होतं तेव्हा ज्योतीराममामा माझ्या वडलांना म्हणाले होते, “पोरगं चाकणला कंपनीत हाय, आन् कंपनी काही पळून जात नसती.” मामांवर माझा राग नाही. त्यांनी जन्मभर शेळ्या पळताना पाहिल्या, कारखाना पळताना कधी पाहिला नव्हता. इथली करमाफीची मुदत संपली, दुसऱ्या राज्याच्या सरकारनं नवी दहा वर्षं देऊ केली, आणि कंपनी गेली. सोबत तुम्हीही.

खोकला कसा आहे? आम्ही दोघी खुशाल. मिनलची बारावीची परीक्षा चालू आहे. हे फोनवर विचारता येतं, पण खोलीतले बाकीचे पाच जण ऐकत असतात आणि तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता. ‘हं’ला काय उत्तर द्यायचं, म्हणून पत्र.

तर झालं असं. शेजारच्या नूरबी आणि मी आता रोज दोनशे चाळीस पोळ्या करून खानावळींना देतो. गेल्या महिन्यात विजेचं बिल आलं (अजून तुमच्याच नावानं येतं, मी आधी नाव वाचते, मग आकडा). त्यात वीज शुल्क म्हणून वेगळी रक्कम लावलेली. त्याच दिवशी डब्याखाली घालायच्या पेपरात वाचलं, की इकडे येणाऱ्या एका मोठ्या कंपनीला वीज शुल्क माफ, जमिनीचं मुद्रांक शुल्क माफ, आणि भरलेला करसुद्धा काही वर्षं परत मिळणार. का, तर ती लोकांना काम देते. नूरबी म्हणाल्या, “मग तू मला काय देतीस गं, विजू?” मी म्हटलं, काम. “मग जा की माफी घ्यायला. बसलीस काय?”

गेले. उद्योगांच्या कचेरीत धम्मरत्न नावाचे साहेब होते. फॉर्मवर जमीन किती एकर विचारलं होतं, मी गॅलरी धरून दहा बाय बारा लिहिलं. गुंतवणूक, तवे तीन (एकाचा दांडा गेलाय, तेही लिहिलं, सरकारशी खोटं कशाला). रोजगार, दोन, पैकी एक मी. साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं, हसले नाहीत. म्हणाले, “ताई, एक कागद कमी आहे. माफी न दिल्यास उद्योग दुसऱ्या राज्यात नेईन, असं तुम्ही कुठंच म्हटलेलं नाही. मोठी माणसं सुरुवातच तिथून करतात.”

ही थट्टा होती, हे मला बसस्टॉपवर कळलं. (मला थट्टा उशिरा कळते, तुम्ही जाणताच.) तोवर मी बाहेरच्या बाकावर बसून धमकी लिहूनही दिली होती. उद्योग कुठं नेणार, तिथं तुम्ही आता राहता त्या गावाचं नाव घातलं, पिनकोडसकट. पिनकोड मला पाठ आहे. साहेबांनी विचारलं, तिथं कोण आहे? मी म्हटलं, मिस्टर. त्यांनी अर्ज परत केला, पण आधी मला पाणी मागवलं.

घरी नूरबी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आपण कुठं जायच्या नाही, हे त्यांना ठाऊक आहे. जाणाऱ्याला माफी, राहणाऱ्याला बिल.” मी लाटायला बसले. तुम्ही इथं असताना फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे कापायचे, आणि तुम्ही दरवर्षी पगाराची पावती हातात घेऊन घरभर चिडत फिरायचात, की महिना सगळ्यांत लहान आणि कपात सगळ्यांत मोठी. यंदा फेब्रुवारीत घरात कुणीच चिडलं नाही. मी आणि मिनल लवकर जेवलो.

तुमची,
विजयश्री

ता. क. : तुमच्या कंपनीतला सुजित शनिवारी तिकडे कामावर परत निघालाय. त्याच्याबरोबर लिंबाचं लोणचं पाठवते. पाचांना देण्याआधी तुम्ही खा.

पुन्हा ता. क. : ती धमकी नव्हती. मिनल जूनमध्ये हॉस्टेलला जाईल. कंपनीची तिथली दहा वर्षांची माफी संपेल तेव्हा मी छप्पन्न वर्षांची असेन. दोघांपुरती खोली बघाल का? तुम्ही नाही म्हणाल. भाडं, हप्ते, आणि कंपनी पुन्हा हलली तर काय, हे सगळं मी लिहिताना मोजून झालंय, ते कळवू नका. पण एका रविवारी जाऊन एखादी बघून तरी या, आणि तवा ठेवायला खिडकीपाशी जागा आहे का, एवढं लिहा.