आम्ही घरच्यांना घेत नाही

प्रिय ठकूबाई,

या नावाने हाक मारलेली तुला खपत नाही, ठाऊक आहे. पण तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, मग मी तरी तुझ्या आवडीनिवडी का सांभाळू? मला तुझा आवाज ऐकायचाय. बाकी तुझं काही नको.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली मनाच्या उपचारांसाठी तुझ्याकडे येते. नवऱ्याने छळ छळ छळलेली बाई. आधी दाराची बेल वाजली तरी दचकायची, आता गुणगुणत मशीन चालवते. तुझं कौतुक करताना तिचं तोंड थकत नाही. तू आवाज चढवत नाहीस, दार लावण्याआधी विचारतेस, रडणाऱ्याला गप्प बस म्हणत नाहीस, कुणाच्या पाठीमागून कधी येत नाहीस. ती सांगत होती आणि मी शेंगा सोलता सोलता एकेक ओळखत होते. हे तुला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, बाई. माझ्या हाताखाली शिकलीस. मी जे जे केलं, त्याच्या बरोब्बर उलटं तू लोकांना देतेस. म्हणजे थोडं श्रेय मलाही द्यायला हरकत नाही.

चिडलीस? चीड खुशाल. तुझे बाबा गेले आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर ते असतानाही मी तुला मारायचेच. तू रडायची थांबलीस की मला हायसं वाटायचं, आणि तू थांबायचीस ती माझी नजर बघून. हे आजवर कुणाला बोलले नाही.

दोन महिन्यांपूर्वी शिवणवालीच्या नावाने वेळ घेऊन मी तुझ्याकडे आले. मला बघून तू दारातच थबकलीस. वाटलं, आता हाकलून देशील. पण तू खुर्ची दिलीस, पाणी दिलंस आणि इतक्या मायेने बोललीस की मला भरून आलं. "आम्ही घरच्यांना घेत नाही. पण तुमच्यासाठी दुसऱ्या चांगल्या बाई सुचवते." तुमच्यासाठी म्हणे! पोटच्या पोरीने मला अहोजाहो केलं, तेही हळुवारपणे. त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

त्या बाईंकडे मी चारदा जाऊन आले. चांगल्या आहेत, तुझ्याइतक्या नाहीत. परवा त्यांनी घरी करायला एक काम दिलं. मुलीला पत्र लिहा, मनात असेल ते सगळं लिहा, पण पाठवू नका, फाडून टाका. पाठवलंत तर तिची जखम पुन्हा उघडी पडेल, असं दोनदा बजावलं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. ठकू, तुला किती लागेल ते मला कळतंय, आणि कळूनच मी पाकिटावर तिकीट लावतेय. गोडीगुलाबीने तू ऐकत नाहीस. निदान मला शिव्या द्यायला तरी फोन करशील.

तुझीच, तुला नको असले तरी,
आई