बटरफ्लायचे एकवीस दिवस

३ मार्च, संध्याकाळी ७
तलावाच्या नोटीस बोर्डावर माझं नाव! महिला मेडले रिले, म्हणजे चौघींनी पाळीपाळीने पोहण्याचे चार प्रकार. दातांची डॉक्टर बॅकस्ट्रोक, बाई ब्रेस्टस्ट्रोक, मी बटरफ्लाय, ग्रंथपाल फ्रीस्टाइल. प्रत्येकीला पंचवीस मीटर. प्रशिक्षकांनी सगळ्यांचे प्रवेशअर्ज चाळले, माझा कालच दिलेलाही, आमच्या बॅचमध्ये बटरफ्लायसमोर खूण करणारी मी एकटीच निघाले.
खूण खोटी नाही. पाचवीपर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं, आणि आमच्या घरचा नियम असा, की जे पुस्तक मिटून सांगता येतं, ते येतं. पोहण्याच्या पुस्तकातलं बटरफ्लायचं प्रकरण मी आकृत्यांसकट सांगू शकते.
संकल्प: एकवीस दिवसांत प्रकरण पाण्यात उतरवणे.

४ मार्च
बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय सदुसष्ट. अकरा वर्षं स्पर्धेत उतरतायत, एकही पदक नाही. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे ही शेवटची. यंदा संघ तीनच आहेत. डॉक्टरीण म्हणाली, चौघी कशाबशा पलीकडे पोचलो तरी ब्राँझ आपलंच. बाईंनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून घेतलाय म्हणे.
कशाबशा का? मी नीटच पोचणार.

६ मार्च
सराव सुरू. स्टुलावर पालथी पडून हात अठ्ठेचाळीस वेळा, कमरेतून लाट शहाण्णव वेळा. आईने विचारलं, पोटात कळ आली का गं? बाबा मात्र कौतुकाने बघत होते. म्हणाले, कोपराचा कोन पुस्तकापेक्षा तीनेक अंश जास्त आहे. लगेच दुरुस्त केला.
स्टूल मोडलं. ते आधीपासूनच डुगडुगत होतं.

९ मार्च
आज पाण्यात. उथळ भाग निवडला. तिथे पाय टेकवून विचार करता येतो. दोन्ही हात एकदम फिरवले, त्यातला उजवा एका काकांच्या कानशिलावर बसला. तिथेच दोनदा माफी मागितली, घरी येऊन चिठ्ठीही लिहिली. सराव चार मिनिटं, चिठ्ठी दीड तास.

१३ मार्च
सर्दी. अशा वेळी पाण्यात उतरणं म्हणजे संघाशी बेइमानी. उजळणी केली. श्वासाचा भाग तोंडपाठ.

१६ मार्च
प्रशिक्षक म्हणाले, एकदा करून दाखव पाहू. मी म्हटलं, सर, शक्ती राखून ठेवतेय. हे खोटं नव्हे. सगळीच राखून ठेवलीय.
डॉक्टरणीची नणंद राखीव म्हणून आलीय. तिची बॅच संध्याकाळची, आणि तिला बटरफ्लाय येतो. डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, काही शंका असेल तर आत्ताच सांग गं, कुणी रागावणार नाही. मी प्रामाणिकपणे विचार केला. शंका एकच होती: श्वास दर हाताला घ्यावा की एकाआड एक? ती विचारली. नणंदेला विचारून सांगते, म्हणाली. प्रश्न अवघड असावा.

२० मार्च
बटरफ्लाय खोल टोकाकडून सुरू होतो असं कळलं. तिथे पाय टेकत नाहीत. बाबा म्हणाले, खोलीशी आपल्याला काय देणंघेणं, आपण वरचंच पाणी वापरायचं. पटलं.
जेवण गेलं नाही. उत्साह.

२४ मार्च, दुपारी ३
स्पर्धा झाली. क्रमाने लिहिते.
डॉक्टरीण छान गेली. बाई तर दुसऱ्या नंबरावर आल्या! त्यांचा हात भिंतीला लागला आणि मी उडी मारली. उडी उत्तम. दोन्ही हात एकदम, लाट कमरेतून, अगदी आकृतीप्रमाणे. दुसऱ्या लाटेनंतर मी थोडी खाली होते, पण रचना शाबूत होती. तेवढ्यात कुणीतरी दंड धरून ओढलं. बाई! जीवरक्षक अजून चपला काढत होता. बाईंची धापसुद्धा ओसरली नव्हती, तरी त्यांनी पुन्हा उडी टाकली होती.
पाळी संपलेली पुन्हा पाण्यात उतरली, म्हणून नियमाप्रमाणे संघ बाद.
ही घाई झाली. तिसऱ्या हाताला मी नक्की वर आले असते. आयोजकांना तसं पत्र लिहायला घेतलं.

संध्याकाळी ५
पत्र पुरं होईना. बाईंचा गुडघा उडीत दुखावला. तरी कठड्यावर बसून माझी पाठ थोपटत होत्या, आणि म्हणत होत्या, पाणी काढ बाळा, सगळं काढ. समोर बक्षिसं वाटणं चाललं होतं. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. मी वळवली. ब्राँझला कुणी नव्हतं, ते पुन्हा खोक्यात ठेवलं.
पत्र फाडलं.

२५ मार्च, सकाळी ६.३०
उथळ टोकाला नवशिक्यांची रांग होती, सगळी मुलं माझ्या कमरेएवढी. मी शेवटी उभी राहिले. प्रशिक्षक बघून चमकले. म्हटलं, सर, मला येत नाही. ते म्हणाले, अगं, बटरफ्लाय भल्याभल्यांना येत नाही.
म्हटलं, बटरफ्लाय नाही. पोहायला.