अंजिरातले चष्मेवाले

४ फेब्रुवारी
आजही नाहीत! अंजिरं पिकली की चष्मेवाल्यांचा थवा यायचाच. पानांत दिसत नाहीत, हिरव्यात हिरवे — पण ती बारीक चिवचिव खिडकीशी बसल्या बसल्या ऐकावी. यंदा बाग मुकी. भावाने चोरून औषध फवारलंय, दुसरं काय!

७ फेब्रुवारी
भावजय धावत आली. म्हणे, वन्सं, आले तुमचे पक्षी, कधीची चिवचिव चाललीय. दुर्बीण घेऊन गेले तर कुंपणावर शिंपी पक्षी! तांबूस टोपी, उभी शेपटी. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, गळा पिवळाजर्द. म्हटलं, नवऱ्याची बाजू घ्यायची तर निदान पक्षी तरी बरोबर निवड. पुटपुटत गेली. हल्ली सगळं तोंडातल्या तोंडात बोलते.

८ फेब्रुवारी
भावाला सरळ विचारलं. औषधाचा थेंब नाही म्हणतो, आईची शपथ. म्हटलं, गेलेल्या माणसाला मध्ये आणू नकोस.

१२ फेब्रुवारी
व्यापारी आला होता. तो बिनफवारणीचीच फळं घेतो. माझी पक्ष्यांची जाण त्याला ठाऊक आहे, म्हणून सांगून टाकलं — पाखरं उगाच बाग सोडत नाहीत. त्याला पटलं. वाईट वाटलं मला, पण विष लोकांच्या पोटात कसं जाऊ द्यायचं?

१३ फेब्रुवारी
सौदा मोडला. भाऊ जेवला नाही. मीही नाही.

२ मार्च
बाकीच्या व्यापाऱ्यांच्याही कानावर गेलंय. फळं झाडावरच सडली. भावाने बाग विकली. घेणाऱ्याला मोकळी जमीन हवी, झाडंही आपणच तोडून द्यायची. उद्यापासून तोड. बाबांनी लावलेली झाडं! रडू आवरत नाही, आणि राग त्याचाच येतो. नीट वागला असता तर ही वेळ आली असती का? माझ्याशी तर त्याने बोलणंच टाकलंय.

३ मार्च
दिवसभर करवत. खिडकी लावून घेतली.

४ मार्च
दुपारी माणसं जेवायला बसली, करवत थांबली, तशी बागेत गेले. कडेचं एकच झाड उरलंय, तेही निम्मं छाटलेलं. उघड्या फांदीवर दिसले. दुर्बीण लावली. पांढरं कडं. पिवळा गळा. बारीक काळी चोच. चष्मेवालेच! चोची उघड्या, गळे थरथरतायत — आवाज नाही. भाऊ जवळच उभा होता. त्याला म्हटलं, हे असे मुके का?
इतक्या दिवसांनी तो बोलला.
"मुके कुठले, ताई? महिनाभर हाच कलकलाट चाललाय."
मग करवत परत सुरू झाली. ती मला ऐकू आली.