हात कोपरापर्यंत

मारेगाव, १२ जानेवारी २०२५

चि. धम्मरत्न यास,
आत्याचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले माझे फंडाचे चार लाख तुझ्या कंपनीच्या शेअरमध्ये टाक म्हणतोस. इंटरनेटवरून घरपोच किराणा, विक्री वर्षात दुप्पट! शाबास. पण तुझ्या तीन पानांत नफ्याचा पत्ता नाही.

तीस वर्षं मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहिली. एकदा बड्या व्यापाऱ्याची गाडी आली, वजन भरभक्कम. आमचा मालक म्हणाला, काटा पाह्य ना बाई, हात कायले घालून राह्यली. मी कापसात कोपरापर्यंत हात घातलाच. आत वजन वाढवायला पाणी मारलेलं. गाडी परत पाठवली. मालक महिनाभर बोलला नाही, न बोलो.

एका पार्सलमागे कंपनीला काय उरतं, ते विचारून कळव. तोवर एक रुपया मिळणार नाही. रागावशील, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
दीपमाला आत्या

पुणे, २ फेब्रुवारी

आदरणीय आत्यास सप्रेम जयभीम.

रागावलो, हे खरं. या धंद्यात आधी गिऱ्हाईक जोडतात, नफा मागून येतो, हे तुला जिनिंगच्या काट्यावर कळायचं नाही, असं लिहायला बसलो होतो. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. आणि माझी सगळी बचत त्याच शेअरमध्ये!

सोमवारी भर बैठकीत विचारलं. साहेब म्हणाले, धंदा न कळणारेच असं विचारतात. मी म्हणालो, माझ्या आत्याला कळतो. मग कंपनीचा छापील अहवाल काढून स्वतःच भागाकार केला. गेल्या वर्षी पार्सलमागे अठरा रुपये तोटा होता, यंदा बावीस. विक्री वाढवतोय तसे बुडतोय.

शेअर विकले, निम्मेच पैसे हाती आले. नोकरीचंही खरं नाही, साहेब बघतसुद्धा नाहीत. प्रश्न मात्र मागे घेतला नाही. तुझ्यासमोर यायची लाज वाटते. सांभाळून घे.

तुझा,
धम्मरत्न

मारेगाव, ९ मार्च

चि. धम्मरत्न यास सप्रेम जयभीम.

लाज कशाची रे? साहेबासमोर कोपरापर्यंत हात घातलास, मी सगळ्या गल्लीत सांगून आले.

मंगळवारी स्लॅब टाकून झाला. त्याच चार लाखांचा. वर तुझ्यापुरती एक खोली काढणार आहे. नोकरी गेली तर इथे राहून दुसरी शोध. फक्त मान खाली घालून येऊ नकोस, तशा माणसाला मी दार उघडणार नाही.

वाट पाहणारी,
आत्या