लाल गाडी गुन्वोरच्या नावे करण्याबाबत

मी, रान्वेग ब्रेक्के, वय एकाहत्तर, राहणार वोगो, शाळेची निवृत्त दंतवैद्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री करायची असल्यास गावात कोणालाही विचारावे; माझ्या डोक्याबद्दल लोकांचे मत वाईट असेल, पण ते चालत नाही असे कोणी म्हणणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझ्या मुलाने फोनवरून थोडे आणून पाहिले, ते वाया गेले.

येत्या मंगळवारी ओस्लोच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. तिथला पोरगेला डॉक्टर म्हणाला, "काही घाबरायचं कारण नाही." मी आयुष्यभर शाळकरी पोरांना खुर्चीत बसवून हेच सांगत आले, त्यामुळे या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे. म्हणून ही तजवीज.

कलम पहिले. राहते घर, मागची लाकडाची कोठी आणि बँकेत जे काही असेल ते माझा मुलगा होवार याला मिळावे. आपल्या कायद्याने मुलाला त्यातला मोठा वाटा द्यावाच लागतो, म्हणजे सरकारचा माझ्या मुलावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. उरलेलेही मी त्यालाच देते, कारण मुलगा वाईट नाही, नुसता शहाणा आहे. अट एकच. सुनेने, म्हणजे सिल्येने, माझे स्वयंपाकघर पांढरे रंगवू नये. ओस्लोतले त्यांचे घर भिंतीपासून चमच्यांपर्यंत पांढरे आहे. तिथे पाऊल ठेवले की मला तोंड उघडून 'आ' करावेसे वाटते.

कलम दुसरे. कै. आर्नफिन, माझे यजमान, यांच्या लाकडी स्की गावच्या संग्रहालयाला द्याव्यात. संग्रहालयाने नको म्हटल्यास चुलीत घालाव्यात. जिवंतपणी त्यांनी मला त्या स्कींना हात लावू दिला नाही, तेव्हा जाळताना काळजीपूर्वक जाळाव्यात.

कलम तिसरे, नदीची सामग्री. राफ्ट, वल्ही, हेल्मेटे आणि जीवरक्षक जाकिटे ही मुळात चर्चच्या गायनमंडळातल्या सहाजणींची. आम्ही वर्गणी काढून ती घेतली तेव्हा गायनमंडळाचे संचालक म्हणाले होते, "बायांनो, बुडालात तर खालच्या पट्टीत बुडा, वरच्या पट्टीचे आवाज आधीच कमी आहेत." पुढे एकीचे गुडघे गेले, एकीला नातवंडे झाली, एक वारली आणि एकीने नवा नवरा केला, जो गुडघ्यांपेक्षा वाईट निघाला. उरलो मी आणि शेजारची गुन्वोर हेलेबर्ग. सदर सामग्रीतला माझा वाटा गुन्वोरला. संचालकांना माझ्याकडून शिट्टी मिळावी, ती पाण्यात भिजल्यापासून बेसूर वाजते.

कलम चौथे, गाडी. माझी लाल कॅम्पर व्हॅन, डिझेलवर चालणारी, आत दोन पलंग, एक शेगडी आणि न लागणारे एक दार असलेली. हिच्याबद्दल होवारशी गेल्या आठवड्यात झालेले बोलणे इथे नोंदवून ठेवते, म्हणजे मागाहून 'आईला कळत नव्हते' असे कोणी म्हणायला नको.

"आई, ती गाडी भंगारात दे. मी स्वतः येऊन घेऊन जातो."

"का रे? तिनं तुझं काय घोडं मारलंय?"

"धूर सोडते ती!"

"तुझे बाबाही सोडायचे. त्यांना दिलं होतं का भंगारात?"

"आई, सत्तरी उलटली तुझी. कुठे त्या नदीत उड्या मारत फिरतेस? रस्त्यात बंद पडली तर कोण येणार आहे?"

हा प्रश्न मात्र योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मला अनुभवाने माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही शूआ नदीवर निघालो होतो. राफ्ट छतावर बांधलेली, गुन्वोर शेजारी. माळरानाच्या चढावर रेडिएटरची नळी फाटली आणि बॉनेटखालून वाफेचा लोट आला. मी गाडी कडेला घेऊन गाडीखाली शिरले. गुन्वोर रस्त्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. आता आपल्याकडे कॅम्पर व्हॅनवाल्यांचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे: समोरून दुसरी कॅम्पर व्हॅन आली की हात करायचा. तेव्हा प्रत्येकाने गुन्वोरला अगदी मनापासून हात केला आणि पुढे गेला. एकाने दिवे लावले. एका कुटुंबाने तर आपल्या कुत्र्याचाही पंजा धरून हलवला. गुन्वोर दोन्ही हातांनी करू लागली, तसे लोकही दोन्ही हातांनी करू लागले. हाक मारून मदत मागायची, तर तिला लाज वाटत होती. अनोळखी माणसाकडे काही मागण्यापेक्षा आमच्या खोऱ्यातला माणूस डोंगरावरच म्हातारा होतो.

शेवटी ती वैतागली आणि हाताची घडी घालून, रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. त्याबरोबर पहिलीच गाडी करकचून थांबली, उलटी मागे आली, आणि टोपीवाले एक गृहस्थ खाली उतरले.

"माफ करा बाई, आमचं काही चुकलं का? आम्ही हात केला, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"अहो, आमची गाडी बंद पडलीय!"

"अस्सं होय! मग तसं सांगायचं ना. माझी बायको केवढी अस्वस्थ झाली!"

त्यांनी चिकटपट्टी दिली, सल्ला दिला आणि बायकोची समजूत काढायला निघून गेले. नळी मी पट्टीने बांधली. राहिला प्रश्न पाण्याचा. खाली ओढा होता, पण बर्फाचा. तापलेल्या इंजिनात तसले पाणी घातले तर ते तडकते. गरम असे आमच्याजवळ एकच होते, गुन्वोरची कॉफी, दोन थर्मास भरून. मी तिला न विचारता दोन्ही रेडिएटरमध्ये ओतले.

"रान्वेग! अगं ती ताजी होती!"

"इंजिनाला शिळी चालत नाही."

"मेल्या गाडीला कॉफी आणि मला काय? ओढ्याचं पाणी?"

"तू तापलेली आहेसच, तडकशील. थांब थोडी."

गाडी चालू झाली, आम्ही नदीवर पोचलो, आणि गुन्वोर माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. राफ्टमध्ये मात्र ती सुकाणूला बसते, तेव्हा ओरडणे भागच होते. "डावीकडे मार! मार म्हणते ना, कॉफीचोर!" असे त्या दिवशी सगळ्या खोऱ्याने ऐकले. याबाबतची तिची तक्रार मी मान्य करत नाही.

कलम पाचवे. वरील गाडी, तिच्या सर्व खोडींसह, मी गुन्वोर हेलेबर्ग हिला देते. होवारला ती मिळू नये. कारण स्पष्टच लिहिते, कारण तोंडाने मला ते कधी जमले नाही. गुन्वोरचा नवरा गेला तेव्हा ती सबंध हिवाळा पडदे ओढून घरात बसली. मी जेवण नेऊन ठेवायचे, ते तसेच असायचे. जूनमध्ये मी तिला अक्षरशः दंडाला धरून गाडीत कोंबले आणि नदीवर नेले. पहिल्याच धारेत तिने माझ्यावर तोंड सोडले आणि घरी परतेपर्यंत बंद केले नाही. मला इतके बरे कधी वाटले नव्हते. मंगळवारच्या सुरीला मी भीत नाही. माझ्यामागे गुन्वोर पुन्हा पडदे ओढून घेईल, एवढीच मला भीती आहे, आणि ती भीती मोठी आहे. ती मला बहिणीपेक्षा जवळची आहे. हे तिला मी मेल्यावरच वाचून दाखवावे, नाहीतर डोक्यावर बसेल.

अट: तिने दर जूनमध्ये गाडी नदीवर न्यावी. बरोबर कोणाला न्यावे हे तिचे तिने ठरवावे, संचालक सोडून.

कलम सहावे, गुन्वोरसाठी सूचना. इतकी वर्षे तुला इंजिन शिकवते म्हटले की तू विणकाम काढलेस, तेव्हा आता वाच. किल्ली अर्धी फिरवून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे. तू थांबत नाहीस. चढावर काटा लाल रेषेकडे सरकला तर आतला हीटर पूर्ण सुरू करायचा, उन्हाळा असला तरी. इंजिनाची गरमी आत येते, आपण घामाघूम होतो, इंजिन वाचते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नकोस. आणि इंजिनाचा पट्टा किंचाळू लागला तर गाणे म्हणून तो दाबू नकोस, थांबून बघ.

कलम सातवे, साक्षीदार. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांनी माझ्यासमोर एकाच वेळी हजर राहून सही करायची असते, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचे नसते. झाला तर त्याला दिलेले रद्द होते. म्हणून मी निवृत्त पोस्टमन टोरमुन लिएन आणि आपल्या नव्या पाद्रीबाई यांना कॉफीला बोलावले आहे. दोघांना मी काहीही ठेवलेले नाही, याबद्दल त्यांनी राग मानू नये.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले.

वोगो, ३० मे
(सही) रान्वेग ब्रेक्के

साक्षीदार:
१. (सही) टोरमुन लिएन
२. ~~पाद्रीबाई~~ (सही) गुन्वोर हेलेबर्ग

वरची खाडाखोड माझी, गुन्वोरची आहे. पाद्रीबाईंना मी फाटकातूनच वॅफल देऊन परत पाठवलं. आत काय लिहिलंय ते मला टोरमुनने आधीच सांगितलं होतं. नोकरीत असताना त्याने कधी कुणाचं पत्र उघडलं नाही, आता कसर भरून काढतोय. रान्वेगने सही केली तेव्हा आम्ही दोघं टेबलाशी उभे होतो, म्हणजे साक्ष पक्की आहे. मी आले ते वॅफलचं भांडं परत न्यायला, असं तिला वाटलं. मी पेन उचलल्यावर तिला कळलं, आणि आता ती माझ्या नावाने शंख करते आहे. डॉक्टरने ओरडायला मनाई केलीय, तरी.

तर कायद्याने गाडी माझी होत नाही. रान्वेग, मंगळवारी मी तुझ्याबरोबर ओस्लोला येणार आहे आणि झडप बसेपर्यंत बाहेरच्या बाकावरून हलणार नाही. गाडी मला द्यायचीच असेल तर तुला घरी येऊन सगळं नव्याने लिहावं लागेल. आणि तेव्हाही साक्षीदार म्हणून मीच सही करणार आहे.